चोवीस जागी शारदा

पंचवीस कॉम्प्युटर एकेक करून लावत बसायचं नाही, एवढंच लक्ष्मीकांतनं ठरवलं होतं. त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. तीन तासांचं काम वाचावं म्हणून तीन महिने राबायची तयारी असलेला तो सरळ माणूस होता. (आधी तीन महिने आणि शेवटी ते तीन तासही, अशी त्याची बहुतेक कामं पार पडत.)

लक्ष्मीकांत पुराणिक राहायचा मेहकरात आणि नोकरी करायचा पुण्याच्या कंपनीत, हॉलमधल्या खिडकीशी बसून. कंपनीचे दीडशेक सर्व्हर होते, म्हणजे कुठल्याशा थंडगार खोल्यांत अहोरात्र चालणारे मोठे कॉम्प्युटर. त्यांच्यात काय घालायचं, काय काढायचं, हे तो बघायचा. तेच ते काम दीडशे वेळा करून वैतागल्यावर त्यानं स्वतःच एक प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि त्याचं नाव ठेवलं 'घडी'. मशीन कशी असावी हे घडीला एका यादीत लिहून द्यायचं. मग घडी प्रत्येक मशीनमध्ये जाऊन तसं करायची आणि स्वतःची एक प्रत तिथंच ठेवून यायची. मागाहून कुणी त्यात बोट घातलंच तर ती प्रत पाच मिनिटांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं लावून ठेवायची. न दमता, न कंटाळता, कितीही वेळा.

"म्हणजे सासूच म्हणा ना," शारदा म्हणाली होती.

शारदा त्याची बायको. गावातल्याच एका शाळेत मराठी शिकवायची. घडी हे लक्ष्मीकांतचं खासगी वेड होतं आणि ते ओपन सोर्स होतं, हे त्यानं तिला एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं.

"फुकट?" शारदानं विचारलं.

"फुकटच. आतलं सगळं उघडं असते. कोणीही पाहावं, कोणीही सुधरवावं."

"मंग तुम्हाले काय भेटते?"

"तारे."

"कशाचे?"

"ज्याले आवडते, तो घडीच्या नेटवरच्या पानावर एक तारा देते."

शारदानं त्याच्या पानात भाजी वाढली आणि विषय बदलला. अडीच वर्षांत घडीला अकरा तारे मिळाले होते. त्यातला एक शारदाचा होता (म्हणजे शारदाच्या नावानं लक्ष्मीकांतनंच दिलेला), तीन कंपनीतल्या मित्रांचे, आणि एक फिनलंडमधल्या कुणा अनोळखी माणसाचा. त्या फिनलंडवाल्यावर लक्ष्मीकांतचा फार जीव होता.

आता शाळेचं. नागपूरच्या एका ट्रस्टनं शारदाच्या शाळेला कॉम्प्युटर दिले, एक सर्व्हर आणि चोवीस साधे. त्यासाठी शारदानं दोन वर्षं अर्ज केले होते, फोन केले होते, स्वतः दोनदा नागपूरला जाऊन आली होती. ट्रस्टची अट एकच होती. मंगळवारी त्यांच्या राखी मॅडम येऊन बघणार. लॅब व्यवस्थित चालू दिसली तर कॉम्प्युटर शाळेचे. नाही दिसली तर गाडीत भरून थेट संग्रामपूरला, तिथली एक शाळा वाट बघतच होती. शारदाच्या वर्गातल्या मुली गेले दोन आठवडे लॅबचं दार अर्धं उघडून नुसतं बघून जायच्या. कॉम्प्युटर गेले तर त्या मुलींना काय सांगायचं, या विचारानं शारदाची झोप उडाली होती.

मुख्याध्यापक इंद्रभान सर म्हणाले होते, "मॅडम, चिखलीहून एखादा माणूस बोलावू. दोन दिवसांत लावून देईल."

शारदानं हे घरी सांगितलं आणि लक्ष्मीकांत खुर्चीतून ताडकन उठला. "माणूस? घरात घडी असताना माणूस? मी हात न लावता करून देतो. घरून. एका दमात."

"नक्की ना?" शारदानं विचारलं. "माहा जीव टांगणीले लागलेला आहे, सांगून ठेवते."

"तू निश्चिंत राह्य."

(लग्नाला सोळा वर्षं झाली होती. हे वाक्य ऐकून शारदा आजवर एकदाही निश्चिंत झाली नव्हती.)

इथे मोटरीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. लक्ष्मीकांतच्या कॉलनीत सगळ्या घरांना मिळून एक बोअर होती आणि पाणी पाळीनं मिळायचं. पुराणिकांची पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा ते अकरा चाळीस. मोटर लावायची, टाकी भरली की बंद करायची. शारदा त्या वेळी शाळेत, म्हणून हे काम लक्ष्मीकांतचं. आणि लक्ष्मीकांत कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून बसला की टाकी भरून वाहायची, पाणी भिंतीवरून शेजारच्या कौशल्याबाईंच्या अंगणात उतरायचं आणि तिथं खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया पुन्हा मऊ व्हायच्या. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा कौशल्याबाई ओल्या कुरडयांचं सूपच घेऊन दारात आल्या आणि ते शारदाच्या पुढ्यात ठेवून गेल्या.

मग लक्ष्मीकांतनं उपाय काढला. मोबाइलचा गजर त्याला ऐकू येत नसे, घंटीही ऐकू येत नसे. जगातला एकच आवाज त्याला खुर्चीतून उठवू शकायचा, तो शारदाचा. त्यानं तिच्याकडून तीन सूचना रेकॉर्ड करून घेतल्या. पहिली अकरा वीसला वाजायची, गोड. दुसरी अकरा तीसला, कमी गोड. तिसरी अकरा चाळीसला. ती शारदानं एका दमात, मनापासून, त्याच दिवशी शाळेत झालेल्या मीटिंगच्या तिडिकीत रेकॉर्ड केली होती.

हॉल, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, अशा घरातल्या तिन्ही मशीनवर ते घडीनं बसवलं. आवाज बंद करायचं बटण मात्र फक्त हॉलमधल्या कॉम्प्युटरवर. बाकीच्या मशीन हॉलला विचारायच्या, बटण दाबलं का? उत्तर आलं नाही तर मोटर चालूच आहे असं धरायच्या. लक्ष्मीकांतनं एकदा चोरून आवाजच शून्यावर नेला होता, म्हणून शारदानं यादीत आणखी एक ओळ लिहून घेतली. आवाज कायम पूर्ण. कुणी कमी केला तर पाच मिनिटांत घडी पुन्हा पूर्ण करणार.

आणि या सगळ्याच्या वर, ही सूचना कुठं कुठं बसवायची तिथं, तीन मशीनची तीन नावं कोण लिहीत बसणार म्हणून लक्ष्मीकांतनं लिहिलं होतं, 'सगळ्या मशीनवर'. दोन ओळी वाचल्या याचा त्याला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता. पुढे आठ महिने ती ओळ यादीत सुखानं नांदत होती.

सोमवारी सकाळी त्यानं शाळेच्या पंचवीस मशीनची नावं यादीत घातली आणि एक कळ दाबली. सात मिनिटांनी शारदाचा व्हिडिओ कॉल आला. लॅबमधले चोवीस पडदे एकदम उजळले होते, प्रत्येकावर शाळेचं नाव, खाली मराठी शब्दकोश, गणिताचे खेळ, सगळं जिथल्या तिथं. मागे शिपाई रंगराव तोंडाचा आ करून उभे होते.

"अहो, खरंच झालं हो!" शारदा म्हणाली.

"मी काय म्हटलं होतं?" लक्ष्मीकांत म्हणाला आणि दिवसभर शीळ घालत हिंडला. संध्याकाळी त्याला वाटलं, यातून निदान चाळीस तारे यावेत.

मंगळवारी निघताना शारदानं दारातून बजावलं, "आज कशालेच हात लावू नका. मॅडम जाईपर्यंत तुमच्या त्या घडीकडे पाहूही नका. समजलं?"

"हाव."

आणि त्यानं खरोखर हात लावला नाही. (बायकोचं तंतोतंत ऐकल्याचा हा त्याच्या संसारातला बहुधा एकमेव दिवस.) अकराला मोटर लावली. सव्वा अकराला कॉलनीतली वीज गेली. मोटर आपोआप बंद पडली, म्हणजे तेवढंही काम वाचलं. हॉलमधला कॉम्प्युटर विझला, यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून बदलायची राहिलेली. लक्ष्मीकांतनं खुर्चीत पाय लांब केले आणि पेपर उघडला.

अकरा बावीसला फोन वाजला. रंगराव होते.

"भाऊ, मॅडम बोलून राह्यल्या."

"मंग बोलू द्या ना. पाहुण्या आल्यावर बोलणारच."

"तसं नाही हो. मॅडम माह्या बाजूले उभ्या हायेत, तोंड बंद करून. अन् बोलून राह्यल्या आतून. कॉम्प्युटरमधून. चोवीस जागी!"

लक्ष्मीकांतच्या हातातला पेपर खाली पडला.

"काय... काय म्हणून राह्यल्या?"

"म्हणे, 'अहो ऐकलं का, टाकी भरत आली, तेवढी मोटर बंद करता का?' लय गोड आवाजात. इंद्रभान सर तर उठून मोटर पाहाले चालले होते."

तेवढ्यात फोनवर खरी शारदा आली. दात आवळून बोलत होती. "काय केलं तुम्ही?"

"मी काहीच केलं नाही! तूच म्हणाली ना, हात लावू नका..."

"बंद कसं करू ते सांगा."

"आवाज शून्य करा. सगळ्या मशीनचा."

"केला. मुलींनी केला. आता?"

आता काय, ते लक्ष्मीकांत सांगायला गेला. त्याच्या डोळ्यांपुढं ती ओळ आली. आवाज कायम पूर्ण. मग 'सगळ्या मशीनवर' आली. मग हॉलमधला विझलेला कॉम्प्युटर दिसला, ज्याला त्या चोवीस मशीन विचारत असणार, बटण दाबलं का, आणि जो बिचारा काहीच उत्तर देत नसणार. यादी त्याच कॉम्प्युटरात, बटण त्याच कॉम्प्युटरात, आणि कॉम्प्युटरात जीव नाही.

"शारदा," तो हळूच म्हणाला, "साडेअकराले दुसरी वाजणार."

"आवाज तर शून्य केला ना!"

"पाच मिनिटांत घडी पुन्हा पूर्ण करते. कितीही वेळा करा. तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे."



"अन् तिसरी?" शारदानं विचारलं. दोघांनाही तिसरी सूचना एकाच क्षणी आठवली. तिच्यात इंद्रभान सरांचं नाव होतं. नुसतं नाव नव्हतं. 'तुम्ही काय आमचे इंद्रभान सर आहात काय, मीटिंग भरली की खुर्चीत घोराले लागणारे?' असं ते वाक्य होतं, आणि ते पूर्ण आवाजात, चोवीस जागी, इंद्रभान सर समोर उभे असताना वाजणार होतं.

"मॅडमसमोर लॅब बंद करता येत नाही, चालू दिसाले पाहिजे. चाळीसच्या आत या," शारदा म्हणाली. "नाहीतर येऊच नका."

स्कूटर शारदाकडे होती. लक्ष्मीकांत सायकलवर बसला तेव्हा त्याच्या अंगात भोकाचा बनियन, खाली बर्म्युडा आणि पायात एकच चप्पल होती. दुसरी फाटकाशी राहिली. कौशल्याबाई अंगणात कुरडया पालथ्या करत होत्या. "काय झालं हो भाऊ? पाणी आलं काय?" त्यांनी घाबरून कुरडयांवर पदर पसरला. तो थांबला नाही. देवळाच्या उतारावरून त्यानं ब्रेक न दाबता सायकल सोडली, बसस्टँडच्या चढावर ती ढकलत पळवली आणि खिशातल्या फोनवर रंगराव त्याला तिकडची हालहवाल सांगत राहिले.

"भाऊ, दुसरी झाली! 'कानात बोळे घातले काय, पाणी वाहून राह्यलं' अशी झाली!"

"राखी मॅडम काय म्हणल्या?"

"काहीच नाही. वहीत लिहून राह्यल्या."

वहीत लिहून राह्यल्या म्हणजे संपलं, असं लक्ष्मीकांतला वाटलं. दोन वर्षांचे अर्ज, नागपूरच्या दोन खेपा, दाराच्या फटीतून बघणाऱ्या त्या मुली, आणि आपण दोन ओळी वाचवल्या. त्याला स्वतःचा एवढा राग आला की चढ कधी संपला ते कळलं नाही.

अकरा एकोणचाळीसला सायकल शाळेच्या आवारात आडवी झाली. लक्ष्मीकांत व्हरांड्यातून धावत सुटला. लॅबचं दार उघडं होतं. आत मुली, शारदा, इंद्रभान सर आणि चष्मा लावलेल्या, वही उघडलेल्या राखी मॅडम. चोवीस कॉम्प्युटर बंद करत बसायला वेळ नव्हता. मेन स्विच दाराबाहेर कपाटामागे होता. त्यानं कपाटामागे हात घातला. हात पोचेना.

आत चोवीस शारदा एकदम कडाडल्या. "आता तिसऱ्यांदा सांगून राह्यले मी! हलता की नाही खुर्चीतून? तुम्ही काय आमचे इंद्रभान सर..."

लक्ष्मीकांतनं खांद्यानं कपाट ढकललं आणि खटका खाली ओढला.

लॅब गप्प झाली. पंखे फिरत फिरत थांबले. सगळे इंद्रभान सरांकडे बघत होते आणि इंद्रभान सर कॉम्प्युटरांकडे.

"माझं नाव घेतलं काय?" त्यांनी विचारलं.

"हो सर," खरी शारदा म्हणाली. तिचा चेहरा शांत होता, हात मात्र टेबलाची कड घट्ट धरून होते. "'तुम्ही काय आमचे इंद्रभान सर आहात, एका शब्दात उठणारे?' असं आहे ते. शिस्तीचं उदाहरण म्हणून घेतलं तुमचं नाव."

इंद्रभान सरांनी शर्टाची कॉलर सारखी केली. "विचारायचं तरी होतं, मॅडम," ते लाजून म्हणाले.

राखी मॅडमनी वही मिटली. "पाणी वाचवण्याचा पाठ फार ठिकाणी पाहिला," त्या म्हणाल्या. "तक्ते लावतात, घोषणा देतात. मुलांच्या कानावरून जातं. इथे मात्र आवाज बंद केला तरी तो पुन्हा येतो, आणि दर वेळी जास्त रागावून येतो. दुसऱ्या सूचनेला या दोन मुली उठून बाहेर नळ बघायला गेल्या. आणि नळ खरंच गळत होता! तो घट्ट बंद करून आल्यावर त्यांनी मला सांगितलं. कल्पना कुणाची?"

"माझ्या घरातलीच आहे," शारदा म्हणाली. हे अक्षरशः खरं होतं.

"लॅब तुमची," राखी मॅडम म्हणाल्या.

मुलींनी एवढा गलका केला की कपाटावरचा चिमणीचा काडीकचरा खाली आला. शारदानं डोळे पुसले. दाराबाहेर लक्ष्मीकांत खटक्याला धरून उभा होता आणि त्याचेही डोळे भरले होते. पुढे होऊन आपण कोण ते सांगावं, घडीबद्दल दोन शब्द बोलावेत, असं त्याला फार वाटलं. तो एक पाऊल आत आला.

"हं, दादा," राखी मॅडम त्याच्या बनियनकडे न बघता म्हणाल्या, "आता लाइट लावा."

"लावतो, पण आधी..." लक्ष्मीकांतनं शारदाकडे पाहिलं. मशीन चालू झाल्या की तिसरी पुन्हा सुरू होणार होती. शारदानं एकच भुवई उचलली. तो गुडघ्यांवर बसला आणि रंगरावांना सोबत घेऊन बाकांखालून रांगत चोवीस स्पीकरच्या चोवीस वायरी काढत सुटला. राखी मॅडमनी रंगरावांना त्याचं नाव विचारलं आणि तेवढंच वहीत टिपलं. हात न लावता करून देतो म्हणालेलं काम त्यानं शेवटी एकेक करून, हातानंच केलं.

संध्याकाळी शारदा घरी आली. लक्ष्मीकांतनं यादीतून 'सगळ्या मशीनवर' ही ओळ काढून टाकली होती आणि तिच्या जागी घरातल्या तीन मशीनची तीन नावं लिहून ठेवली होती. तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं. तुझी दोन वर्षं मी आज बुडवलीच होती."

शारदानं पर्स खुंटीला अडकवली. मग तिला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. हसता हसता म्हणाली, "सायकलवरून आले तुम्ही, तो अवतार पाहूनच मले कळलं, हा माणूस चाळीसच्या आत पोचते. पण पुढल्या वेळेस चिखलीचा माणूस बोलावू."

पंधरा दिवसांनी ट्रस्टचं पत्र आलं. लक्ष्मीकांतनं ते शारदाच्या आधी फोडलं. त्याची खात्री होती की घडी आता ट्रस्टच्या सगळ्या शाळांत जाणार. पत्रात शारदाचं दीड पान कौतुक होतं. पाणी वाचवण्याचा तो पाठ इतर शाळांसाठीही द्यावा, शक्यतो तिसऱ्या सूचनेच्या पूर्ण वाक्यासह, अशी विनंती होती. (इंद्रभान सरांनी तर ती स्वातंत्र्यदिनी भोंग्यावर लावायचं ठरवलं होतं. शारदाला ती नव्यानं, सभ्य शब्दांत रेकॉर्ड करावी लागली.) घडीचा उल्लेख नव्हता. शेवटी मात्र एक ओळ होती. 'कार्यक्रमाच्या वेळी तत्परतेनं वीजपुरवठा बंद केल्याबद्दल आणि नंतर सर्व वायरी काढून दिल्याबद्दल शाळेचे वायरमन श्री. लक्ष्मीकांत यांचे विशेष आभार.'

शारदानं पत्राला प्लॅस्टिकचं कव्हर घालून आणलं आणि हॉलमध्ये, त्याच्या खिडकीशेजारी लावलं. येणारा-जाणारा ते वाचू लागला. त्याच आठवड्यात कौशल्याबाई पदराखाली मिक्सर घेऊन आल्या.

"भाऊ, वाचलं मी. इतके दिवस सांगितलं नाही तुम्ही, शेजारी असून! हे फिरते, पण मधातच थांबून राह्यलं. जरा पाहता का?"

लक्ष्मीकांतला नाही म्हणवलं नाही. एवढ्या विश्वासानं त्याच्याकडे आजवर कुणी आलं नव्हतं, फिनलंडहूनसुद्धा नाही. त्यानं स्क्रू ड्रायव्हर घेतला, पेपर अंथरला आणि मिक्सर पूर्ण उघडला.

कौशल्याबाई सध्या पाट्यावर चटणी वाटतात.